अडकलेला खेळाडू दोष कुणाला देतो? कोड्यांच्या फर्स्ट-पर्सन गेमवरच्या मतभेदांची पार्श्वभूमी

फर्स्ट-पर्सन, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून जग दाखवणारा, कोड्यांचा एखादा साहसी गेम आला की त्यावरची मतं दोन टोकांना जातात. एक खेळाडू म्हणतो, इतका विचार करायला लावणारा गेम बऱ्याच वर्षांत खेळलो नव्हतो. दुसरा म्हणतो, नुसती पायपीट आहे, काय करायचं तेच कळत नाही. दोघंही मनापासून बोलत असतात आणि पुष्कळदा एकाच कोड्याबद्दल बोलत असतात. ग्राफिक्स, गोष्ट, संगीत यांवर त्यांचं फारसं भांडण नसतं. भांडण असतं ते अडकण्याच्या अनुभवावर. अडकल्यावर 'माझंच लक्ष नव्हतं' असं वाटलं तर खेळाडू गेमच्या प्रेमात पडतो, आणि 'हे कळणार तरी कसं होतं?' असं वाटलं तर कायमचा तुटतो. आजचे अभिप्राय वाचताना हा वाद नवा वाटतो, पण त्याला चार दशकांहून जास्त इतिहास आहे.

सुरुवात चित्रांशिवायच झाली. विल क्राउदर या प्रोग्रामरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. 1975-76 च्या सुमारास त्याने केंटकीतल्या मॅमथ केव्हवर बेतलेला 'कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' लिहिला आणि 1977 मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. पाठोपाठ एमआयटीत 'झॉर्क' तयार झाला. पडद्यावर फक्त मजकूर यायचा आणि खेळाडूने काय करायचं ते टाइप करायचं. त्या काळची मोठी तक्रार होती ती शब्द न सापडण्याची. कोड्याचं उत्तर कळलेलं असायचं, पण गेमला समजेल असं क्रियापद काही केल्या मिळायचं नाही. अडकलेल्यांसाठी इन्फोकॉम कंपनीने इशाऱ्यांची पुस्तिकाच विकायला काढली. तिच्यातली उत्तरं अदृश्य शाईत छापलेली असायची आणि खास पेन फिरवलं की एकेक ओळ उमटायची. आधी हलकी सूचना, मग जरा स्पष्ट, शेवटी थेट उत्तर. मला ही कल्पना आजही फार शहाणपणाची वाटते, कारण किती मदत घ्यायची हे तिने खेळाडूवर सोडलं होतं.

मग 1993 उजाडलं. त्या वर्षी या प्रकारातले दोन गेम आले आणि त्यांच्याबद्दलची मतं पुढच्या सगळ्या वादांचा साचा ठरली.

पहिला ट्रायलोबाइट कंपनीचा 'द सेव्हन्थ गेस्ट'. दोन सीडी, झपाटलेलं घर, खऱ्या नटांचं चित्रीकरण. सीडी-रॉम ड्राइव्ह घेण्यासाठी लोकांना निमित्त देणाऱ्या गेमांपैकी हा एक. पण यातली कोडी गोष्टीला बाहेरून चिकटवल्यासारखी होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अक्षरं आहेत, ती फिरवून वाक्य जुळवायचं, आणि त्या वाक्यात 'वाय' सोडून एकही स्वर नाही. भुताच्या घराशी याचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. गेमच्या ग्रंथालयात मदतीचं एक पुस्तक होतं. ते तिसऱ्यांदा उघडलं की कोडं आपोआप सुटायचं. म्हणजे खेळाडू वैतागेल याची बनवणाऱ्यांना कल्पना होती.

दुसरा 'मिस्ट'. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन भागातली सायन ही छोटी कंपनी आणि तिचे रँड व रॉबिन मिलर हे भाऊ. लहान मुलांसाठीचा 'द मॅनहोल' त्यांनी 1988 मध्ये हायपरकार्डवर, म्हणजे चित्रांची कार्डं एकमेकांना जोडता येणाऱ्या ॲपलच्या सॉफ्टवेअरवर, केला होता. त्याच हायपरकार्डवर, सुमारे 2500 स्थिर चित्रं जोडून, त्यांनी मिस्ट उभा केला. सप्टेंबर 1993 मध्ये तो मॅकिन्टॉशवर आला. त्यात मरण नाही, शत्रू नाहीत, सामानाची थैली नाही, टाइप करायचं काही नाही. फक्त बघायचं आणि क्लिक करायचं.

बेटावर थोडं चाललं की वाटेत एक चिठ्ठी सापडते. नवऱ्याने बायकोला लिहिलेली. बेटावर खटके किती आहेत तो आकडा धक्क्याजवळच्या खोलीतल्या यंत्रात घाल, म्हणजे निरोप मिळेल, एवढंच तिच्यात असतं. खेळाडू बेटभर हिंडून खटके मोजतो. ते आठ भरतात. या साध्या मोजणीत तो अख्खं बेट पाहून घेतो आणि गेमची रीतही शिकतो: दिसेल ते लिहून ठेवायचं, उपयोग पुढे कळेल. खोक्यात एक कोरी वही दिलेली असायची ती याचसाठी.

तरीही मतं फाटली. नेहमीच्या गेमर्सपैकी अनेकांनी त्याला 'स्लाइड शो' म्हणून झटकून टाकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वेगवान नेमबाजीचा 'डूम' आला होता आणि वेगाची चटक लागलेल्या खेळाडूला स्थिर चित्रं पाहत बसणं जड जाणार हे उघड होतं. उलट ज्यांनी आधी कधी गेम हातात घेतला नव्हता अशी माणसं मिस्टपुढे तासन्‌तास बसली. कुटुंबातले दोघंतिघं एका पडद्यासमोर, एकाच्या हाती माऊस आणि दुसऱ्याच्या हाती वही, असा हा गेम खेळला गेला. 60 लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि 2002 मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तो सर्वाधिक विकला गेलेला पीसी गेम राहिला. इतकं यश मिळालं की 'मिस्टने साहसी गेम मारले' असा आरोपही त्याच्यावर झाला. मला तो अन्यायाचा वाटतो. मिस्टची नक्कल करणाऱ्यांनी सुनसान बेटं आणि विचित्र यंत्रं उचलली, पण खूण आधी आणि कोडं नंतर ही शिस्त मागेच राहिली.

अर्थात मिस्टमध्येही सगळं काही न्याय्य नव्हतं. बेटावरच्या पुस्तकांतून ज्या वेगळ्या जगांत जाता येतं त्यांना गेममध्ये 'युगं' म्हणतात. सेलेनिटिक युगातला जमिनीखालचा भुलभुलैया आजही खेळाडूंना तोंडपाठ आहे. प्रत्येक वळणावर एक आवाज होतो आणि तो आवाज पुढची दिशा सांगतो. कोणत्या आवाजाची दिशा कोणती, हे मात्र यांत्रिक युगातल्या फिरत्या किल्ल्यात शिकायचं असतं. आणि युगं कोणत्या क्रमाने पाहायची याचं खेळाडूला स्वातंत्र्य आहे! जो आधी किल्ल्यात गेला त्याला हे कोडं सुरेख वाटलं. जो थेट भुलभुलैयात उतरला त्याने प्रत्येक बोगदा घासून काढला आणि गेमला शिव्या घातल्या. बेटावरच्या रॉकेटमधला ऑर्गन तसाच. पियानोसारख्या पट्ट्यांवर वाजवून ऐकलेले पाच सूर सरकपट्ट्यांवर केवळ कानाने जुळवायचे. ज्याला सुरातला बारीक फरक कळत नाही, किंवा ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी मूळ गेममध्ये दुसरी वाटच नव्हती. अशा खेळाडूंची नाराजी 'गेम अवघड आहे' या सदरात टाकणं चूक आहे. तो दरवाजा त्यांच्यासाठी बांधलेलाच नव्हता.

1997 मध्ये मिस्टचा पुढचा भाग 'रिव्हन' आला, पाच सीडींवर. माझ्या मते कोडं आणि गोष्ट इतकी एकजीव त्याआधी कुठल्याच गेममध्ये झाली नव्हती. गावातल्या शाळेत एक खेळणं आहे. फिरवलं की एक आकडा येतो आणि दोरीला टांगलेली बाहुली तेवढी पावलं खाली, एका जलचराच्या जबड्याकडे सरकते. खेळाडू तिथे त्या जगाचे अंक शिकतो. त्याच क्षणी त्याला हेही कळतं, की इथला सत्ताधीश मुलांना मोजायला शिकवतानाच फाशीची भीती शिकवतोय. पुढे हेच अंक, आपले 10 च्या पायावर चालतात तसे, 25 च्या पायावर चालतात आणि शेवटाकडच्या एका मोठ्या कोड्यात 25 बाय 25 च्या जाळीवर रंगीत गोट्या ठेवायच्या असतात. त्यासाठी पाच बेटांवरची निरीक्षणं एकत्र करावी लागतात, आणि एक रंग तर दिवा बिघडल्यामुळे तर्कानेच ठरवावा लागतो. जिंकलेल्यांनी हे आयुष्यभर सांगितलं. बाकी कित्येकांनी तिथेच गेम बंद केला.

याच सुमारास अडकण्याचं स्वरूपच बदलायला लागलं. 1995 मध्ये गेमएफएक्यूज ही वेबसाइट सुरू झाली आणि पूर्ण वॉकथ्रू, म्हणजे गेम पायरीपायरीने सोडवून दाखवणारा मजकूर, काही क्लिकवर आला. पूर्वी एखादं कोडं आठवडाभर डोक्यात घोळायचं. आता पंधरा मिनिटांत मोह होऊ लागला. त्यातून एक वेगळाच असमाधानी खेळाडू तयार झाला, अर्धा गेम वॉकथ्रू पाहून संपवलेला आणि मग 'विशेष काही नव्हतं' असं म्हणणारा. त्याला मी दोष देत नाही. पण ज्या गेममध्ये कमवायचं असं काही नसतंच, फक्त समजायचं असतं, तिथे उत्तर आधीच वाचलं की हाती उरतं ते चालणं. मिस्टचा शेवट माहीत असलेला माणूस तो काही मिनिटांत संपवू शकतो, ते याचमुळे.

पुढच्या टप्प्यात व्हॉल्व्हच्या 'पोर्टल'ने 2007 मध्ये कोडी खोल्याखोल्यांत वाटली, प्रत्येक खोलीत एक नवी गोष्ट शिकवली, आणि कोड्यांना घाबरणारेही खूश झाले.

मोठा वाद पेटला तो जानेवारी 2016 मध्ये, गेम डिझायनर जोनाथन ब्लोच्या 'द विटनेस'वर. बेट, शांतता, आणि पाचशेहून जास्त रेषाकोडी, म्हणजे जाळीवर रेषा ओढून सोडवायची कोडी. सूचनेचा एक शब्द नाही. नियम कोड्यांमधूनच उमगायचे. काहींना यात आजवरचं सर्वात प्रामाणिक शिकवणं दिसलं, काहींना अहंकार. रंगांध खेळाडूंना रंगाची कोडी आणि ऐकू न येणाऱ्यांना जंगलातली पक्ष्यांच्या आवाजाची कोडी अडली, पण एकेका भागाची कोडी सुटली की एक लेझर सुरू होतो आणि शेवटाकडे जायला अकरापैकी सातच पुरतात, म्हणून एखादा भाग सोडता येतो. ही सवलत मोलाची आहे. जिथे मोकळं फिरता येतं तिथे मळमळण्याचा त्रासही आला आणि या गेमबाबत ती तक्रार बरीच झाली. त्याच वर्षी सायनचा 'ऑब्डक्शन' आला. त्यासाठी 2013 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर चाहत्यांनी 13 लाखांहून जास्त डॉलर दिले होते. त्यातल्या एका भागात जागांची अदलाबदल पुन्हा पुन्हा करावी लागते आणि दर वेळी लोडिंगची वाट पाहावी लागत असे. त्यामुळे विचार बरोबर असूनही चूक करून बघायची भीती वाटायची. चूक करून बघणं महाग पडलं की चांगलं कोडंही वाईट वाटतं, हे इथे अगदी उघडं पडलं.

मत नोंदवायची पद्धतही याच काळात बदलली. स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानावर 2013 च्या अखेरीस खेळाडूंचे अभिप्राय सुरू झाले: अंगठा वर किंवा खाली, आणि शेजारी खेळलेले तास. 2015 पासून दोन तासांहून कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येऊ लागला. नेमबाजीच्या गेमची दोन तासांत पारख होते. कोड्यांच्या गेममध्ये दोन तासांत खेळाडू बहुधा पहिल्यांदाच अडकलेला असतो, आणि परत करायचं बटण तेव्हाच समोर असतं. त्यामुळे पहिल्या भिंतीआधी खेळाडूचा भरवसा मिळवणं आता डिझाइनचाच भाग झालं आहे. सायनने 2021 च्या नव्या मिस्टमध्ये कोड्यांची उत्तरं दर खेपेला बदलायची सोय दिली, तर 2024 च्या नव्या रिव्हनमध्ये काही कोडीच बदलली. जुन्या चाहत्यांना त्यामुळे पुन्हा एकदा खरोखर अडकता आलं.

एप्रिल 2025 मधल्या 'ब्लू प्रिन्स'वर जी मतं आली, तीही याच वाटेने. 45 खोल्यांचं घर, शोधायची आहे 46 वी. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांपैकी एक निवडायची आणि रोज घर नव्याने मांडायचं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण खेळाडूंकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा आली: उत्तर कळलंय, पण हवी ती खोलीच येत नाही. जुन्या मजकुरी गेममध्ये क्रियापद अडवायचं, इथे नशीब अडवतं. फाशांनी खोल्या बदलून घेता येतात, काही सोयी कायमच्या मिळवता येतात, तरी ही खंत खोटी नाही. ज्यांनी रोज चार-पाच प्रश्न सोबत घेऊन खेळ मांडला त्यांना प्रत्येक दिवस काहीतरी देऊन गेला. ज्यांना एकच तर्क तपासायचा होता त्यांनी तेच घर वीस वेळा उभारलं, आणि मग अंगठा खाली करून शेजारी साठ तासांचा आकडा ठेवला.