धूर, विस्तव आणि ओलं लाकूड

न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आणलेल्या या मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली होती. खरं नवल पुढे होतं. साधारण सातव्या मजल्यापर्यंत उंचीबरोबर दुखापती वाढत गेल्या होत्या, त्याहून वरून पडलेल्यांना मात्र कमी लागलेलं दिसलं.

समजा, स्पर्धा परीक्षेत यावर प्रश्न आला: ‘म्हणून मांजराला सातव्यापेक्षा पंधराव्या मजल्यावरून पडणं कमी धोक्याचं. यामागचं गृहीतक कोणतं?’ पर्याय दोन. एक, जास्त वेळ पडत राहिलं की मांजर अंग सैल सोडतं. दोन, जागीच मेलेल्या, दवाखान्यात न आलेल्या मांजरांमुळे निष्कर्ष बदलत नाही.

पहिला पर्याय मोहात पाडतो, कारण तो ‘असं का होतं’ हे सांगतो. पण स्पष्टीकरण म्हणजे गृहीतक नव्हे. गृहीतक म्हणजे न उच्चारलेलं असं विधान, जे काढून घेतलं तर निष्कर्षाला आधारच उरत नाही. म्हणून पर्याय उलटा करून बघावा. मांजर अंग सैल सोडत नाही असं मानलं, तरी दुसऱ्या एखाद्या कारणाने निष्कर्ष बरोबर असू शकतो. आता दुसरा उलटा करा: पंधराव्या मजल्यावरून पडलेली बरीच मांजरं जागीच मरतात आणि त्यांना कुणी दवाखान्यात आणतच नाही. झालं! आकडे तसेच राहिले, निष्कर्ष मात्र कोसळला. या अभ्यासावर नेमका हाच आक्षेप घेतला गेला.

शब्द जुळवून पाहिले तरी ही फट सापडते. पुराव्यात ‘दवाखान्यात आणलेली मांजरं’ आहेत, निष्कर्षात नुसतं ‘मांजर’. मधला शब्द गळला, तिथेच गृहीतक दडलेलं असतं.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या भारतीय परंपरेने, या फटीचा फार बारकाईने विचार केला आहे, आणि परीक्षेची तयारी करताना तो कुणी शिकवत नाही याची मला हळहळ वाटते. ‘डोंगरावर विस्तव आहे, कारण तिथे धूर आहे’ एवढं म्हणून नैयायिक, म्हणजे या परंपरेतला विचारवंत, थांबत नाही. ‘जिथे धूर तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात’ हा नियम त्याला उदाहरणासह उघड मांडावा लागतो. या नियमाला ‘व्याप्ती’ म्हणतात. उलट बाजूने ‘जिथे विस्तव तिथे धूर’ असं कुणी म्हटलं, तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्याच्यापुढे ठेवला जातो: आग आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं लाकूड लागतं. या लपलेल्या अटीचं नाव ‘उपाधी’.

मांजरांच्या नोंदींतही असंच एक ओलं लाकूड होतं: पडलेलं मांजर कुणीतरी उचलून दवाखान्यात आणलेलं असणं.