मालमत्ता-मूल्यांकनाच्या नोंदी एकसारख्या करण्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत गृहकर्ज देण्यापूर्वी घराचे मूल्यांकन करून घेतले जाते. मूल्यांकनकार त्याच परिसरात अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करून किंमत ठरवतो. बँकांकडून अशी कर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांमुळे अहवालाचा नमुना बराच आधी समान झाला होता. २००५ मध्ये सुधारलेला १००४ क्रमांकाचा नमुना देशभर चालत असे. चौकटी सारख्या होत्या, त्यांत काय लिहायचे हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. घराच्या स्थितीपुढे कोणी ‘गुड’ लिही, कोणी ‘ॲव्हरेज’, तर कोणी नुसते ‘ॲव्ह’. नमुना भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचे शब्द साठवून ठेवता येत असल्यामुळे ज्याची त्याची सवय अहवालागणिक पक्की होत गेली.

वाचणारा माणूस असेपर्यंत याचे फारसे अडले नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये या दोन्ही संस्था सरकारी देखरेखीखाली गेल्या आणि तारणाची तपासणी कागदोपत्री न राहता आकड्यांवर व्हावी, अशी निकड निर्माण झाली. त्यांची नियामक असलेल्या फेडरल हाउसिंग फायनान्स एजन्सीच्या निर्देशावरून युनिफॉर्म अप्रेझल डेटासेट, म्हणजे अहवालाच्या चौकटींत काय आणि कसे लिहायचे याची ठरीव नियमावली, तयार झाला आणि १ सप्टेंबर २०११ पासूनच्या मूल्यांकनांना तो लागू झाला. मार्च २०१२ पासून अहवाल एका सामायिक पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल करणेही बंधनकारक झाले.

या नियमांतला न्हाणीघरांचा तपशील बारीक असला तरी बोलका आहे. दोन पूर्ण आणि एक अर्धे, म्हणजे अंघोळीची सोय नसलेले, न्हाणीघर असेल तर पूर्वी ‘२.५’ लिहीत, पण एक पूर्ण आणि तीन अर्धी असली तरी बेरीज तीच येते. नव्या पद्धतीत दशांशचिन्हाच्या डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे अर्धी मोजायची असल्याने पहिले घर ‘२.१’ आणि दुसरे ‘१.३’ झाले. गणिताच्या शिक्षकाला हे खपणार नाही, पण संदिग्धता गेली.

खरा वाद पेटला तो स्थितीच्या श्रेणींवरून. सी१ म्हणजे नवे, कोणी न राहिलेले घर आणि सी६ म्हणजे सुरक्षिततेलाच बाधा येईल इतके नादुरुस्त. बांधकामाच्या दर्जासाठी क्यू१ ते क्यू६ अशाच सहा पायऱ्या. पूर्वी ‘ॲव्हरेज’ म्हणजे आजूबाजूच्या घरांच्या मानाने बरे, असा अर्थ बहुतेकांच्या मनात असे. नव्या श्रेणी निरपेक्ष ठरल्या. त्यामुळे तुलनेला घेतलेले एकच घर, एकाच विक्रीच्या संदर्भात, एका अहवालात सी३ आणि दुसऱ्यात सी४ दाखवायला जागा उरली नाही. २०१५ मध्ये फॅनी मेने कोलॅटरल अंडररायटर हे तपासणीचे साधन कर्जदात्यांना खुले केल्यावर अशा विसंगती आपोआप समोर येऊ लागल्या. कित्येक मूल्यांकनकारांना हा आपल्या निर्णयबुद्धीवरचा अविश्वास वाटला, आणि ती तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सी३ आणि सी४ यांमधली सीमारेषा व्याख्या वाचूनही पुसटच राहते.

या डेटासेटच्या पुढच्या, ३.६ या आवृत्तीत घरांच्या प्रकारानुसार असलेले वेगवेगळे नमुने जाऊन मालमत्तेनुसार आकार घेणारा एकच अहवाल आला असून त्याच्या सक्तीसाठी २ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. त्यात घराच्या आतल्या आणि बाहेरच्या स्थितीला स्वतंत्र श्रेणी देऊन मग एकूण श्रेणी ठरवायची आहे.