विस्तृत क्षेत्राची स्मार्ट दुर्बीण : खरेदीपूर्वी वाचावे असे काही

आमच्या स्मार्ट दुर्बिणीला डोळा लावण्याची जागा नाही. ५० मिमी व्यासाच्या वस्तुभिंगाने गोळा केलेला प्रकाश थेट ११.१ × ६.३ मिमीच्या संवेदकावर पडतो आणि चित्र मोबाइलवर दिसते. नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा रेखीव उमटते तिथपर्यंतचे अंतर) २०० मिमी असल्याने आकाशाचा सुमारे ३.२ × १.८ अंशांचा भाग, म्हणजे रुंदीत सहा पूर्णचंद्र मावतील एवढा, एका चौकटीत येतो. देवयानी दीर्घिका तुकडे न जोडता टिपता यावी, हे ठरवूनच आरेखन सुरू झाले. साहजिकच शनीची कडी यात जेमतेम पंधरा पिक्सेल रुंद दिसतात. ज्यांना प्रामुख्याने ग्रह पाहायचे आहेत, त्यांनी लांब नाभीय अंतराची दुर्बीण घ्यावी, ही नव्हे.

विस्तृत क्षेत्राची खरी परीक्षा कोपऱ्यात होते. साध्या भिंगजोडीची प्रतिमा वक्र पृष्ठावर तयार होते, संवेदक मात्र सपाट असतो. त्यामुळे मधले तारे रेखीव असले तरी कडेचे पसरट होतात. व्हिएन्नाचे जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये छायाचित्रणासाठी एकमेकींपासून दूर ठेवलेल्या दोन भिंगजोड्यांची रचना केली होती. तिच्याच सुधारित रूपात आम्ही संवेदकाजवळ क्षेत्र सपाट करणारे भिंग दिले आहे. ताऱ्यांभोवतीची जांभळी किनार कमी व्हावी म्हणून पुढच्या जोडीत ईडी, म्हणजे रंग कमी विखुरणारी, काच वापरली आहे, आणि किमतीचा मोठा वाटा तिचाच आहे.

एफ/४ वर, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असताना, नाभीकरणात (फोकस जुळवण्यात) दोन्ही बाजूंना जेमतेम ०.०१८ मिमीची मुभा मिळते. रात्री तापमान दहा अंशांनी उतरले, तर ॲल्युमिनियमची नळीच सुमारे ०.०४५ मिमी आखडते. म्हणून मोटर मधूनमधून नाभीकरण पुन्हा करते. तेवढा वेळ चित्र थांबते, तो बिघाड समजू नये.

बैठक आडव्या-उभ्या अक्षांवर फिरत असल्याने तारा मध्यभागी राहिला, तरी भोवतालचे क्षेत्र हळूहळू वळते. महाराष्ट्रातून मृगातील तेजोमेघ मध्यमंडलावर, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर सर्वांत उंच, असताना दहा सेकंदांच्या छायाचित्रात कोपऱ्यातला तारा तीन-चार पिक्सेल ओढला जातो. अनेक छायाचित्रे एकावर एक रचताना सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र फिरवून जुळवते, परंतु एकाच चित्रातली ओढ त्याला पुसता येत नाही. त्यामुळे तेजोमेघ पूर्वेला किंवा पश्चिमेला असतानाच टिपावा. तो डोक्यावर येऊ लागला, की छायाचित्राचा कालावधी कमी करावा.

सूर्याकडे दुर्बीण वळवण्यापूर्वी सौर गाळणी वस्तुभिंगाच्या पुढेच बसवावी.