आयर्लंड म्हणे जर्मनीच्या दुप्पट श्रीमंत

भाच्याला मास्टर्ससाठी डब्लिन आणि म्युनिक दोन्हीकडे ॲडमिशन मिळाली, तेव्हा त्याने मला युरोपातल्या दरडोई जीडीपीचं एक टेबल पाठवलं आणि खाली लिहिलं, मामा आयर्लंड जर्मनीच्या जवळपास डबल आहे, विषयच संपला. टेबल खोटं नव्हतं. युरोपियन युनियनची सरासरी 100 धरली तर, किमतींमधला फरक काढून टाकल्यावरही, आयर्लंड गेली काही वर्षं 200च्या वर आणि जर्मनी 115-120च्या आसपास असतो. पण डब्लिनमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा की बाबा जर्मन माणसाच्या दुप्पट मजेत आहेस का, तो आधी घरभाडं सांगेल.

भानगड अशी की जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत किती उत्पादन झालं याचा हिशोब, तो पैसा शेवटी कुणाच्या खिशात गेला ते त्यात येत नाही. आयर्लंडने 2003 मध्ये कंपनी टॅक्स 12.5 टक्क्यांवर आणला (बड्या कंपन्यांना आता 15), अमेरिकन टेक आणि औषध कंपन्या आल्या, आणि काहींनी तर पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क असली कागदावरची मालमत्ताच तिकडे हलवली, त्यामुळे वस्तू चीनमध्ये बनली तरी कमाई आयर्लंडच्या खात्यावर. 2015 साली जीडीपी एका वर्षात 26 टक्के वाढल्याचं जाहीर झालं! अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमननी त्याला 'लेप्रकॉन इकॉनॉमिक्स' नाव ठेवलं, लेप्रकॉन म्हणजे आयरिश लोककथेतला सोन्याचा हंडा लपवणारा बुटका.

आयरिश सांख्यिकी खात्यालाही हे पटेना, म्हणून 2017 पासून ते असा फुगवटा वगळून 'सुधारित जीएनआय' (जीएनआय म्हणजे देशातल्या लोकांच्या वाट्याला आलेलं उत्पन्न) काढतात, तो जीडीपीच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. (त्याच वर्षी तिथे लिओ वराडकर पंतप्रधान झाले, मूळ गाव आपलं मालवणातलं वराड, पण या आकड्यात त्यांचा हात नाही.)

राहणीमान बघायचं तर मला वेगळा आकडा बरा वाटतो, लोक प्रत्यक्षात वापरतात काय तो. घरखर्च तर धरायचाच, वर सरकारने दिलेली शाळा, दवाखाना पण. यात जर्मनी सरासरीच्या बराच वर आणि आयर्लंड सरासरीच्या आसपास, म्हणजे टेबल सरळ उलटं. अर्थात इथेही गोम आहेच. जर्मनीत म्हातारी माणसं जास्त, मग दवाखान्याचा खर्च जास्त, आणि तो खर्च इथे 'जास्त उपभोग' म्हणून मोजला जातो. गुडघा बदलला की राहणीमान वाढलं! आयुर्मानात मात्र आयर्लंडच वर्षभराने तरी पुढे आहे.

आणि वेळेचं काय? जर्मनीत कामाचे तास माणशी वर्षाला 1350च्या आसपास, आयर्लंडमध्ये 1600च्या वर. जर्मनीत पार्टटाइमवाले खूप, त्यात बायका जास्त, म्हणून सरासरी खाली येते, हे पण खरं.

एवढं सगळं भाच्याला टाइप करून पाठवलं. त्याचा एका ओळीत रिप्लाय, मग म्युनिकला भाडं स्वस्त ना? आता काय सांगू, भाड्याच्या बाबतीत जर्मनीत सगळ्यात महाग शहर तेच आहे.