ताण दिला की रोध का बदलतो? लोहयुक्त अतिवाहकांची पार्श्वभूमी

इंदूरला खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारातल्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन संस्थेत द्रव हेलियमने थंड करून स्फटिकांचा विजेला होणारा रोध मोजतात. रामबागेतली एखादी मुलगी तिथे लोहयुक्त अतिवाहकांवर, म्हणजे खूप थंड केल्यावर रोध शून्य होणाऱ्या पदार्थांवर, प्रकल्प करू लागली, की घरचे विचारणारच: लोखंडात एवढं नवल काय?

ताण आणि रोध यांचं नातं जुनंच. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1856 मध्ये दाखवलं की लोखंडाची आणि तांब्याची तार ताणली की तिचा रोध वाढतो. साध्या धातूत हा बदल बराचसा तार लांब आणि बारीक झाल्याचा. 1954 मध्ये चार्ल्स स्मिथ यांना जर्मेनियम आणि सिलिकॉनमध्ये तो कित्येक पटींनी मोठा आढळला. म्हणजे ताण थेट इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचत होता.

2008 मध्ये टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटाला लोह-आर्सेनिकच्या संयुगात 26 केल्व्हिनला (उणे 247 अंश सेल्सिअसला) अतिवाहकता सापडली. चुंबकत्व अतिवाहकतेचं वैरी, म्हणून लोखंडाकडून ही अपेक्षा कुणालाच नव्हती.

खरी गंमत बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये आहे. साधारण 140 केल्व्हिनखाली त्यातली अणूंची चौरस जाळी किंचित आयताकृती होते, फरक एक टक्क्याहूनही कमी. पण स्फटिकात अशा जाळीचे आडवे-उभे पट्टे मिसळलेले असल्यामुळे रोध सरासरीच मिळतो. 2010 मध्ये स्टॅनफर्डला इयन फिशर यांच्या गटाने स्फटिक चक्क चिमटीत दाबून पट्टे एका दिशेला वळवले. कोबाल्ट मिसळलेल्या काही नमुन्यांत एका दिशेचा रोध दुसरीच्या जवळपास दुप्पट भरला, आणि तोही अणू जिथे जवळ आहेत त्या दिशेला! अपेक्षेच्या नेमकं उलटं.

मग जाळी इलेक्ट्रॉनांना वळवते, की इलेक्ट्रॉन जाळीला? 2012 मध्ये याच गटाने स्फटिकाची चपटी पट्टी पिझो-स्टॅकवर, म्हणजे विजेने लांबणाऱ्या ठोकळ्यावर, चिकटवली. व्होल्टेज दिलं की स्टॅक ताणतो, त्याबरोबर पट्टीही; ताण मोजायला पाठीमागे स्ट्रेन गेज हा ताणमापक. जाळी अजून चौरस असतानाच, तापमान उतरेल तसा तेवढ्याच ताणाला रोधाचा प्रतिसाद वाढत गेला. पुढाकार जाळीचा असता तर असा भडका दिसला नसता. इलेक्ट्रॉनच आधी दिशा निवडतात, जाळी मागून येते. इलेक्ट्रॉनांनी अशी दिशा निवडली की तिला नेमॅटिक अवस्था म्हणतात. 2016 मध्ये असाच प्रतिसाद लोहयुक्त अतिवाहकांच्या इतर कुळांतही दिसला.

इलेक्ट्रॉनांना वळवतं कोण, स्पिन (इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व) की ऑर्बिटल (अणूभोवतीच्या त्याच्या ढगाचा आकार), यावर मात्र भांडण आहे. आयर्न सेलेनाइड सुमारे 90 केल्व्हिनला नेमॅटिक होतं, पण सामान्य दाबाला चुंबकीय क्रम त्यात येतच नाही. स्पिनवाल्यांना तेच अडचणीचं.