दगडी हत्यारं जिथे सापडतात तिथे

१९६९ ते १९७३ या काळात लुईस बिनफर्ड हे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ अलास्कातल्या नुनामिउट लोकांमध्ये जाऊन राहत, त्यांच्याबरोबर हिंडत. कॅरिबूंच्या, म्हणजे तिथल्या रेनडियर हरणांच्या, कळपांवर जगणारे हे शिकारी. कळप येताना दिसावा अशी जागा धरून ते बसत आणि वाट पाहता पाहता खात, गप्पा मारत, पत्ते खेळत, लाकूड कोरत. उठून गेल्यावर तिथे काय पडलेलं असे? खाल्लेल्या हाडांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, असलाच कचरा. कामाची चीज ज्याची तो उचलून नेई. जागा शिकारीसाठी धरलेली, आणि शिकारीची खूण म्हणाल तर जवळपास काहीच नाही.

बिनफर्डनी हे टिपून ठेवलं आणि अश्मयुगाच्या अभ्यासाची नजरच बदलली. हत्यार वापरलं जातं एकीकडे, त्याला धार लावतात दुसरीकडे आणि ते टाकलं जातं तिसरीकडेच. उत्खननात आपल्या हाती येतो तो या प्रवासाचा शेवटचा थांबा. एवढं ध्यानात ठेवलं तरी कितीतरी चुकीचे निष्कर्ष टळतात, असं मला मनापासून वाटतं.

भटक्या माणसाला ओझ्याचा हिशोब सुटत नाही. दगड जड, आणि नीट फुटणारा, धार धरणारा दगड काही पावलोपावली मिळत नाही. म्हणून खाणीजवळ सढळ हाताने फोडाफोडी झालेली दिसते, तर दूरच्या मुक्कामावर त्याच दगडाची झिजून लहान झालेली हत्यारं मिळतात. दोन्ही बाजूंनी घडवलेलं पातं सोबत असलं की दुहेरी सोय: ते स्वतः सुरीसारखं चालतं, आणि गरज पडली तर त्याच्यावरूनच ताजे छिलके, म्हणजे घाव घालून सुटणारे धारदार तुकडे, काढता येतात.

झिजण्याची ही गोष्ट मोठी आहे. फ्रान्समधल्या निअँडरथल या प्राचीन मानवांच्या काळातल्या हत्यारांची फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रांस्वा बोर्द यांनी बारकाईने वर्गवारी केली. त्यांच्या यादीत ६३ प्रकार होते. बोर्द स्वतः दगड घडवण्यात तरबेज, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. निरनिराळ्या थरांत या प्रकारांचं प्रमाण निरनिराळं दिसे. बोर्द म्हणाले, या वेगवेगळ्या परंपरांच्या टोळ्या. बिनफर्ड म्हणाले, ही वेगवेगळी कामं. वाद चांगलाच रंगला.

१९८०च्या दशकात हॅरॉल्ड डिबल या अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी तिसरीच शक्यता मांडली. तासणी घ्या, म्हणजे कातडं खरवडायला वापरतात तसलं हत्यार. तिची धार बोथट झाली की कडेचे बारीक टवके काढतात. दर खेपेला कड आत सरकते, उभट होते. आधी एकच बाजू घडवलेली असते, मग दुसरीही घडवली जाते, आणि शेवटी दोन्ही कडा टोकाला येऊन मिळतात. यादीतले तीन प्रकार म्हणजे एकाच तासणीची तीन वयं असू शकतात!

पण मुळात तो छिलका केवढा होता, हे कळणार कसं? छिलका हातात घेऊन त्याचं बूड पाहा. घाव बसला तिथे एक छोटी सपाट जागा असते आणि तिच्याखाली गुळगुळीत फुगवटा. धार कितीही वेळा लावली तरी बुडाला सहसा हात लागत नाही. बूड रुंद आणि जाड असेल तर सुटलेला छिलकाही साधारणपणे मोठा असतो. तेव्हा बूड मोठं आणि हत्यार छोटं दिसलं, तर मधला दगड धार लावण्यात गेला. सगळं वैविध्य याने उलगडत नाही, हेही खरं. तरीही नुसत्या आकारावरून टोळी ओळखण्याचा आत्मविश्वास यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

जे सापडत नाही तेही वाचता येतं. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्ह इथे सुमारे ४,८०,००० वर्षांपूर्वी काही माणसांनी एक घोडा फाडला आणि तिथेच बसून चकमकीचे दगड घडवले. संशोधकांनी तिथले छिलके कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जुळवत नेले. काही ठिकाणी मूळ दगडाचं बाहेरचं कवच पुन्हा उभं राहिलं, आणि आत पोकळी उरली. ती हातकुऱ्हाडीची, म्हणजे दांड्याशिवाय हातात धरायच्या दगडी हत्याराची, जागा. कुऱ्हाड घडवणारा ती घेऊन गेला होता.