अडकलेला रायबोसोम आणि यीस्टमधलं डॉम३४

पावासाठी मैदा भिजवायच्या आधी यीस्टचे दाणे कोमट साखरपाण्यात टाकले की दहा-एक मिनिटांत वर फेस चढतो. नौपाड्यातल्या आमच्या ओट्यावरच्या त्या वाटीत अब्जावधी पेशी जाग्या होऊन प्रथिनं बनवायला लागलेल्या असतात.

हे काम पेशीतल्या रायबोसोम या सूक्ष्म यंत्राचं. प्रथिनाची कृती लिहिलेल्या संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावरून तो तीन-तीन अक्षरं वाचत सरकतो आणि दर त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल साखळीला जोडतो. यूएए, यूएजी किंवा यूजीए आलं की थांबायचं. पण धागा मध्येच तुटलेला किंवा स्वतःवरच घट्ट दुमडलेला असेल तर? कळवा-ठाण्यादरम्यान रुळांवर पाणी भरून एक लोकल थांबली की मागे गाड्यांची रांग लागते. इथेही तसंच, कारण एकाच धाग्यावर अनेक रायबोसोम एकामागोमाग चाललेले असतात.

मीनाक्षी डोमा आणि रॉय पार्कर यांनी यीस्टच्या एका संदेशवाहक आरएनएत मुद्दाम अशी दुमड घातली. रायबोसोम अडकले आणि पेशीने तो धागाच कापून टाकला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात डॉम३४ आणि त्याचा जोडीदार एचबीएस१ ही प्रथिनं या कापण्याशी संबंधित म्हणून पुढे आली.

डॉम३४चा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडले, तेव्हा त्याची घडण दिसली. (खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करोगाशी संबंधित प्रथिनं याच पद्धतीने अभ्यासतात.) त्याचे तीन भाग आहेत. मधला आणि शेवटचा भाग ईआरएफ१ या प्रथिनासारखे. काम पुरं झाल्यावर साखळी सोडवतं ते ईआरएफ१, आणि ती सुटते त्याच्या मधल्या भागाच्या टोकावरच्या ग्लायसीन, ग्लायसीन, ग्लुटामाइन या तीन अमिनो आम्लांमुळे. डॉम३४मध्ये नेमकी हीच तिन्ही नाहीत! पहिला भाग तर पार वेगळा. ईआरएफ१ त्या भागाने थांब्याचं त्रिकूट ओळखतं; डॉम३४ला समोर कुठली अक्षरं आहेत याच्याशी देणंघेणं नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण रायबोसोम कुठल्याही अक्षरावर अडकू शकतो.

म्हणून डॉम३४ अडकलेल्या रायबोसोमवर ईआरएफ१च्याच जागी जाऊन बसतं, पण साखळी सोडवत नाही. मग आरएलआय१ हे प्रथिन येतं आणि रायबोसोमचे दोन तुकडे वेगळे होतात. अर्धवट साखळी मोठ्या तुकड्यालाच लटकलेली राहते. तिच्यावर खूण करून तिला मोडीत पाठवणारी प्रथिनं वेगळी आहेत. माणसाच्या पेशीत डॉम३४चं काम पेलोटा नावाचं प्रथिन करतं.